मीटर न घेता राहणं : साधेपणा की हट्ट?

सड्यावरचा

संगमेश्वर तालुक्यात, वडिलोपार्जित जागेच्या सड्याकडच्या (कातळाच्या उघड्या पठाराकडच्या) टोकाला, आम्ही दोघं नवराबायको गेली २ वर्षं राहतोय. २८० चौरस फुटांचं चिऱ्याचं घर, वर कौलं, पुढे पडवी. विजेचा मीटर घेतलेला नाही. अंगणात लोखंडी सांगाड्यावर ५४० वॅटची २ पॅनल आहेत, पडवीच्या कोपऱ्यात १५० अँपिअर-अवरच्या २ ट्युब्युलर बॅटऱ्या. एवढ्यावर २ पंखे, ५ दिवे, एक लहान फ्रिज, लॅपटॉप, राउटर आणि दोघांचे फोन चालतात. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे आहेत, २८ वॅटचे. जुना पंखा ७५ वॅट खायचा. विहिरीवरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप भर दुपारीच लावायचा, बॅटरीवर कधीच नाही.

पुण्यात होतो तेव्हा महिन्याचं बिल आलं की भरून मोकळा व्हायचो. युनिट म्हणजे नेमकं किती (हजार वॅट तासभर), हे मला वयाच्या साठीत कळलं. आमच्या बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट मावतात, पण त्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात. म्हणजे रात्रीसाठी हाताशी पावणेदोन-दोन युनिट. संध्याकाळी आभाळ बघायचं, चार्जरवरचा आकडा बघायचा आणि ठरवायचं, आज फ्रिज रात्रभर ठेवायचा की नाही. पूर्वी मी आभाळाकडे कधी बघत नसे. आता चैत्रातलं ऊन, मळभ, भाद्रपदात अचानक उघडलेला दिवस, सगळं माझ्या घराच्या हिशेबात येतं. त्याने माणूस शांत होतो, असा माझा अनुभव आहे. वस्तू कमी झाल्या, बिघडणाऱ्या गोष्टी कमी झाल्या, खर्च निम्म्याहून खाली आला.

माझं म्हणणं इतकंच, की निवृत्तीला आलेल्या आणि गावी थोडी जागा असलेल्या माणसाने शहरात दुसरा फ्लॅट घेण्याआधी असं राहून बघावं. तुमचं मत काय?

हिशेब_अकोला

तुमच्या जगण्याबद्दल आदर ठेवून तुमचा हिशेब पुढे नेतो. दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांचे साधारण ३२,००० रुपये धरा, आयुष्य ५ वर्षं. म्हणजे वर्षाला ६,४०० आणि दिवसाला साडेसतरा रुपये. रात्री १.८ युनिट वापरलीत, तर नुसत्या साठवणुकीचाच खर्च युनिटमागे जवळजवळ १० रुपये पडतो. पॅनल, इन्व्हर्टर, डिस्टिल्ड वॉटर यात धरलेलंच नाही.

मला खरा सलतो तो दुसरा मुद्दा. एप्रिलच्या दिवशी तुमची पॅनल ४ युनिटच्या वर देतील. तुम्ही बॅटरीतून वापरता जेमतेम २. बॅटरी भरली की चार्जर पॅनलकडून वीज घेणंच थांबवतो, आणि दुपारभर ती पॅनल नुसती उन्हात पडून राहतात. तीच पॅनल विजेच्या सार्वजनिक जाळ्याला (ग्रिडला) जोडलेली असती, तर उरलेली वीज खालच्या वाडीतल्या पिठाच्या गिरणीला गेली असती आणि रात्री तुम्हाला ती परत घेता आली असती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण ते जाळ्याला जोडलेल्या छतालाच. तारेपासून तुटून तुम्ही वीज वाचवत नाही आहात, तयार होऊ शकणारी वीज वाया घालवताय.

दापोलीकर

अकोल्याच्या दादांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात तार शाबूत असल्याचं धरलेलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीत खांब काड्यांसारखे मोडून पडले होते. आमच्या घरी २६ दिवस वीज नव्हती. पंप बंद म्हणून पाणी नाही, टॉवर बंद म्हणून मुंबईच्या मुलांशी बोलणं नाही. वाडीत एका घरावर जुनं १५० वॅटचं पॅनल होतं, त्यावर वळचणीला एक बोर्ड लोंबकळत ठेवला होता. अख्खी वाडी तिथे विजेऱ्या आणि फोन लावून जायची, आणि टेकाडावर रेंजसाठी चढायची. त्या २६ दिवसांत युनिट कितीला पडलं असं कोणी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. कोकणात राहणाऱ्याने घरात थोडी तरी स्वतःची वीज ठेवायलाच हवी, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

हिशेब_अकोला

दापोलीकर, वादळासाठी बॅटरी ठेवणं मला मान्य आहे. मीटरच न घेणं मान्य नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरळीची

मला विजेबद्दल काही बोलायचं नाही. पहिल्या ओळीतल्या २८० चौरस फुटांबद्दल बोलायचं आहे.

माझं बालपण, लग्न, दोन्ही बाळंतपणं बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत झाली. सात माणसं होतो. आंघोळीला मोरी, संडास मजल्यावर सामाईक, पाहुणा आला की पुरुष गॅलरीत झोपायचे. आमच्याही घरात वस्तू कमी होत्या. त्याला कोणी साधं जगणं म्हटलं नाही, सगळे अडचण म्हणायचे आणि ती अडचणच होती. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार असं कळलं तेव्हा माझ्या सासूबाई रडल्या होत्या.

सड्यावरचे दादा, तुमच्या घराला भिंतीबाहेर अंगण आहे, विहीर आहे, सडा आहे. तुम्ही २८० फुटांत राहत नाही, काही गुंठ्यांत राहता. लहान घराचं कौतुक करताना ही बाहेरची जागा मोजायला विसरू नका, एवढीच विनंती.

सड्यावरचा

वरळीच्या ताई, हे मी खरंच मोजलं नव्हतं. आमचा दिवस पडवीत आणि अंगणात जातो, आत फक्त झोपायला आणि स्वयंपाकाला. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

पेठेतला

साधेपणाला सडाच लागतो असं नाही. पुण्यात, बुधवार पेठेत, डॉ. हेमा साने यांनी आयुष्यभर घरात वीज घेतली नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक, गरवारे महाविद्यालयात शिकवलं, पुस्तकं लिहिली, हे सगळं विजेशिवाय. भोवती बाजारपेठ झगमगत होती आणि त्यांचं जुनं घर झाडं, पक्षी, मांजरं यांनी भरलेलं होतं. मला वाटतं, आपण गरजा आधी ठरवतो आणि मग त्या भागवायला वीज शोधतो. त्यांनी गरजाच तपासल्या. सड्यावरचे त्याच वाटेवर आहेत, भले दोन पॅनल घेऊन का असेना. त्यांना युनिटचा भाव सांगणं म्हणजे मुद्द्यालाच बगल देणं आहे.

जुना_वायरमन

३१ वर्षं खांबावर काढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत पहिला दिवा लागताना मी हजर होतो. म्हाताऱ्या बायका बल्बला हळदकुंकू लावायच्या. त्यामुळे मीटर नको म्हणणाऱ्या माणसाचं लिहिणं वाचून मला वाईट वाटतं, राग नाही.

वीज ही एकट्याची सोय नसते. वाडीतल्या चार घरांनी उद्या ठरवलं की आम्ही आमचं बघतो, तर लाइन सांभाळण्याचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि उरलेले बहुधा ज्यांना पॅनल परवडत नाहीत तेच असतात. बिहारमध्ये धरनई नावाचं गाव आहे. २०१४ मध्ये तिथे १०० किलोवॅटचं सौर जाळं उभं केलं, देशभर गाजलं. तरी गावाने 'असली बिजली' मागितली, कारण सौर विजेवर फ्रिज-टीव्हीसारख्या जड वस्तू चालवू देत नव्हते. पुढे तार आली, बॅटऱ्या संपल्या आणि तो प्रकल्प बंद पडला. ज्याला निवड असते त्याला २ पंखे पुरतात. ज्याला तेवढंच मिळतं, त्याला ते पुरत नाहीत.

अजून एक. माझ्या भावाला करोनानंतर ४ महिने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागला. ५ लिटरचं मशीन, साधारण ३५० वॅट, चोवीस तास. दिवसाला ८ युनिटच्या वर. तुमच्या बॅटरीवर ते रात्री पाच तासही चाललं नसतं.

सातपुडा

धरनईचं उदाहरण दिलंत म्हणून बिलगावचं सांगतो. नंदुरबार जिल्हा, धडगाव तालुका. तिथे तार पोचली नव्हती. उदई नदीच्या धबधब्यावर गावाने श्रमदान करून, केरळच्या दोन इंजिनियरांच्या मदतीने, १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला. २००३ मध्ये दिवे लागले. चालवायचा कसा, दुरुस्त कसा करायचा, हे गावातली पोरं शिकली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला.

म्हणजे जाळ्याबाहेरची वीज टिकत नाही असं नाही, वायरमनकाका. तिथे ती चांगली चालली होती. मोठ्या विजेसाठी बांधलेल्या धरणाने ती बुडवली. मला सड्यावरच्या दादांशी मात्र वेगळं भांडायचं आहे. बिलगावात दिवा लागला तो सगळ्या पाड्यांत लागला. तुमचा दिवा तुमच्या पडवीपुरता आहे. खालच्या वाडीला तुम्ही कधी विचारलंत का, की आपण मिळून काही करू?

मनीषा_ठाणे

इतकं सगळं वाचलं. बॅटरी, अनुदान, धरण, वादळ. घरात दोन माणसं आहेत असं पहिल्याच ओळीत लिहिलंय आणि दुसऱ्या माणसाचा एक शब्दही नाही. मिक्सर ५०० वॅट घेतो. इस्त्री १०००. धुण्याचं मशीन यादीतच नाही. मग कपडे कोण धुतं, वाटण कोण वाटतं? हेमाताई सान्यांचा दाखला दिला, तर त्यांनी तो नेम स्वतःसाठी घेतला आणि त्याचे कष्टही स्वतःच सोसले. इथे तसं आहे का? वहिनींना लिहू द्या.

सड्यावरचा

(हे मी लिहीत नाही, ह्यांच्या नावावरून त्यांची बायको लिहितेय.)

मनीषा, विचारलंस म्हणून लिहिते. मला आधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.

लहान घर मला आवडतं. खरं सांगते, ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त आवडतं. पुण्याच्या तीन खोल्यांत माझं निम्मं आयुष्य पुसण्या-आवरण्यात गेलं. इथे दहा मिनिटांत केर निघतो आणि उरलेला वेळ माझा असतो. मी पेटी शिकतेय, दोन वर्षांत भीमपलासीपर्यंत आलेय. हे घर मला कोणी परत मोठं करून दिलं तर मी घेणार नाही.

विजेचं तसं नाही. मागच्या जुलैत सलग ५ दिवस सूर्य दिसला नाही. पॅनलचं दिवसाला एक युनिटही होत नव्हतं. फ्रिज बंद केला, मिक्सर बंद केला. खोबऱ्याचं वाटण पाट्यावर. कपडे हाताने धुवायचे आणि चुलीवर दांडी बांधून वाळवायचे. माझा उजवा अंगठा तेव्हापासून दुखतो, डॉक्टरांनी पिळायचं काम सोडा म्हणून सांगितलंय. हे मदत करतात, नाही असं नाही, विहिरीचं पाणी तेच आणतात. पण आकडा बघून काय बंद करायचं ते हे ठरवतात, आणि जे बंद होतं ते बहुतेक वेळा माझ्या हातातलं असतं.

माझी आई ८३ वर्षांची आहे. तिला इथे आणायचं आहे. वायरमनकाकांनी ऑक्सिजनच्या मशीनचं लिहिलं ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

तुम्ही सगळे लहान घर आणि मीटर एकाच गाठोड्यात बांधून भांडताय. मला घर हेच हवं, आणि मीटर हवा. धुण्याचं मशीन हवं.

वरळीची

वहिनी, पेटीचं वाचून फार बरं वाटलं.

पेठेतला

वहिनींच्या कष्टांपुढे माझं बोलणं तोकडं पडतं. तरी मत बदलत नाही : मीटर आला की महिन्याभरात ओव्हन येतो, मग एसी. मर्यादा बाहेरून आखलेली असली तरच पाळली जाते.

मनीषा_ठाणे

ती मर्यादा आखणाऱ्याने आधी जुलैचं धुणं धुवावं. मग बोलू.

सड्यावरचा

आता मी लिहितोय. अंगठ्याचं दुखणं मला माहीत होतं. ते माझ्या आकड्यांशी जोडलेलं आहे, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. काल रात्री आम्ही बराच वेळ बोललो. सातपुडा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, वाडीला मी विचारलेलं नाही.

वायरमनकाका, शेवटचा खांब आमच्यापासून साधारण २०० मीटरवर आहे, मध्ये सगळा कातळ. काय करावं लागेल? आणि ही पॅनल काढावी लागतील का?

जुना_वायरमन

पॅनल अजिबात काढू नका. अंतर पाहता ४-५ खांब लागतील. कातळात खड्डे मारायला ब्रेकर लागतो, ते काम पावसाआधी उरकून घ्या. घराची नोंद आणि घरपट्टीची पावती अर्जासाठी तयार ठेवा.

एक नीट समजून घ्या. साधं ऑन-ग्रिड सोलर बसवलंत, तर लाइन गेली की तेही बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं असतं. वादळात तुम्हाला अंधारात बसायचं नाही, म्हणून लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर घ्या आणि ह्याच बॅटऱ्या त्यावर चालतील का ते विचारून घ्या. जनरेटर किंवा जुना इन्व्हर्टर घरच्या घरी मेन लाइनला जोडायचा नाही, चेंजओव्हर (एका वेळी लाइन किंवा घरची वीज, एकच जोडणारा स्विच) परवानाधारक माणसाकडूनच बसवून घ्यायचा. लाइन बंद आहे असं समजून आमचा माणूस खांबावर चढलेला असतो, आणि तुमच्या घरातली वीज उलटी तारेत गेली तर त्याला खालून कळत नाही. माझा एक जोडीदार असाच गेला.

अर्थिंग वेगळं करा, पॅनलला लायटनिंग अरेस्टर (आभाळातल्या विजेपासून वाचवणारं साधन) लावा, सड्यावर मे आणि ऑक्टोबरात वीज पडते. खड्ड्यांच्या आखणीला यायचं असेल तर मी येतो.