गावाला बंदुका दिल्या की भागतं का?

यादवीत डोंगरातल्या गावांना बंदुका द्या, टोळ्या फिरकणार नाहीत, असं काहीजण म्हणतात आणि दाखला पेरूचा देतात, जिथे हत्यारबंद गावकऱ्यांनी बंडखोरांना रोखलं. दाखला खरा आहे, पण अर्धाच. १९८३च्या एप्रिलमध्ये पेरूच्याच लुकानामार्का भागात सेंदेरो लुमिनोसो या माओवादी बंडखोर संघटनेने ६९ गावकरी मारले, तान्ही मुलंसुद्धा. का? तर गावकऱ्यांनी त्यांच्या एका म्होरक्याला संपवलं होतं. गाव उभं राहिलं, पण पाठीशी कुणीच नव्हतं. सरकारी शॉटगन मिळाल्या त्या थेट १९९१ पासून.

आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधलं दंतेवाडा तर नागपूरपासून फार लांब नाही. २००५ मध्ये तिथे सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याने गावकऱ्यांना नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करणारी मोहीम, सुरू झालं आणि जो गाव सोडून तिच्या छावणीत गेला नाही तो नक्षलवादी ठरला. शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं.

नागपूरच्या हिंगणा रोडवर आमच्या साइटवर छत्तीसगडच्या बिजापूरकडचा एक पोरगा होता. रात्री कुत्रं भुंकलं की उठायचा, चप्पल घालून अंधारात बसून राहायचा. गाव त्याने दोन्हीकडच्या बंदुकांना भिऊन सोडलं होतं.

म्हणून बंदुकीआधी सांगा: ती कुणाच्या हुकमात राहील, परत कोण घेईल, आणि तिनेच गाव लुटलं तर तक्रार कुठे करायची?