न दिसणारी दुखणी: तुमचे अनुभव

मृदगंध:
काल नाशिकला सीबीएसहून सिटीलिंक बसमध्ये बसले. समोर विशीतली एक मुलगी. एका काकांनी दटावलं, "धडधाकट आहेस, ऊठ की." ती मुकाट उठली आणि दांड्याला मनगट अडकवून उभी राहिली, बोटांनी धरलाच नाही. ते बघून मला २०१३ आठवलं.

तेव्हा सकाळी तास-दीड तास माझी मूठ वळायची नाही. कुकरचं झाकण, दुधाची पिशवी, लेकीच्या वेण्या, सगळं सासूबाईंवर पडलं. दहानंतर हात सुटायचे, म्हणून घरच्यांना वाटे हिला सकाळच्या कामाचा कंटाळा. त्यात संधिवाताची रक्ततपासणी, आरए फॅक्टर, निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी "मन रमवा" सांगून परत पाठवलं. दोन वर्षांनी दुसऱ्यांनी एकेक सांधा दाबून बघितला, सोनोग्राफी केली, म्हणाले, रक्तात दिसला नाही तरी संधिवात असू शकतो, तुम्हाला आहे. मी तिथेच रडले. त्यांना वाटलं घाबरले. मला हायसं वाटलं होतं.

आता संधिवातावरची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रविवारी. सोमवारी मळमळतं, त्या दिवशी घरात खिचडीच. लेक अकरावीला गेली तरी तिची वेणी मीच घालते.

तुमचंही लिहा.

सिडकोकर:
ताई, माझं मणक्याचं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. अंबडला कंपनीत आहे. जो तो म्हणायचा आराम कर. पण पडून राहिलं की जास्त आखडतं, चाललं की सुटतं! पहाटे तीनला गॅलरीत फेऱ्या मारायचो, बायकोला वाटायचं कर्जाचं टेन्शन. आता रोज गोल्फ क्लबला चार फेऱ्या, शिवाय पोहणं.

स्वप्नाली:
थायरॉइड चालेल का इथे? तुमच्यापुढे लहान वाटतं लिहायला

मृदगंध:
का नाही चालणार, लिही गं.

स्वप्नाली:
शाळेत शिकवते. फळ्यापुढे उभी राहून साधा शब्द आठवायचा नाही. डिसेंबरच्या थंडीत तर अंथरुणातून उठवेना. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ४८ निघालं, खूपच जास्त. गोळी सुरू झाली तरी उतरेना. मग कळलं, लोहाची गोळीही मी तिच्यासोबतच घेत होते. दोन्हींत चार तास हवेत. आधी कुणी सांगितलंच नाही. पोळ्या राहिल्यात, येते.

गंगाकाठ:
स्वप्नाली, पंचवटीतली का तू? आम्ही काळारामाजवळ.

स्वप्नाली:
हिरावाडी!! ताई, त्या मुलीचं काय झालं पुढे?

मृदगंध:
माझी जागा दिली तिला. नाशिकरोडपर्यंत दोघी आळीपाळीने बसलो. तिलाही सांधेच.

शरद इंदिरानगर:
बायकोला ल्युपस आहे, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. ती लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. तिला ऊन बाधतं. मे महिन्यातल्या लग्नाला पूर्ण बाह्या आणि स्कार्फ घालून गेली तर नातेवाईक म्हणतात नखरे. गाल लाल दिसले की "तब्येत सुधारली हो". ते लाल गाल म्हणजे आजार उफाळलेला असतो. पहिली दोन वर्षं मीही तिला म्हणालोय, थकवा कुणाला येत नाही. ते मला अजून टोचतं. त्यावरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गोळीमुळे दरवर्षी डोळे तपासावे लागतात, त्या दिवशी सुट्टी टाकून मीच नेतो.

गंगाकाठ:
शरदभाऊ, वहिनींना घेऊन बुधवारच्या बाजाराला या, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी. दिवस मावळल्यावर या, ऊन नसतं आणि भाजीचे भावही उतरलेले असतात.

सिडकोकर:
मेथी कशी आहे सध्या?

गंगाकाठ:
परवा दहाला जुडी, कोवळी होती.

मृदगंध:
शरदभाऊ, तुमचं आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून कुकर लावला.

शरद इंदिरानगर:
मीही तिला सगळं वाचून दाखवलं. बुधवारी येते म्हणाली. कुठे भेटायचं सांगा, तिला फार चालवत नाही.

गंगाकाठ:
तुम्ही फक्त फोन करा, मी रस्त्यापर्यंत येते. पिशव्या मी धरेन.