मदत हवी आहे: रंगीत ग्लास फिशचा रंग उतरतोय आणि फिनवर पांढऱ्या गाठी आल्यात

नमस्कार मंडळी, फिशटँक ठेवणाऱ्यांची जरा अर्जंट मदत हवी आहे. भाच्यासाठी आमच्या इथल्या एका दुकानातून छोटे पारदर्शक मासे आणलेत, दुकानात त्यांना 'कलर ग्लास' म्हणतात. अंग आरपार दिसतं आणि पाठीच्या बाजूला आणि पोटाखाली एकेक झगझगीत पट्टा, कुणाचा गुलाबी, कुणाचा हिरवा. दुकानदार म्हणाला रंग जन्मजात आहे. पण आता पट्टे फिके पडत चाललेत, एका हिरव्याचा पाठीवरचा तर जवळपास गेलाच, आणि शेपटीच्या फिनवर पांढऱ्या गाठी दिसतायत.

काल रात्री टँकच्या मागून टॉर्च लावून नीट बघितलं. पाठीचा कणा, त्याला जोडलेले बारीक काटे सगळे स्पष्ट दिसतात, डोक्याच्या मागे एक चंदेरी पिशवी आहे आणि तिच्या मागचं अंग नुसतं पाण्यासारखं. रंग मात्र कातडीवर नाही, आत आहे, आणि त्याची कड तुटक तुटक आहे. हे बघून पोटात खड्डा पडला. शोधल्यावर वाचलं की सुईने रंग टोचतात. खरं आहे का हे? गाठी कसल्या आहेत, बाकीच्या माशांना लागतील का, औषध कुठलं? फ्लेक फूडला तर हे तोंडच लावत नाहीत. आणि रंग काढून टाकता येतो का? पाणी कॉर्पोरेशनचं आहे, अँटीक्लोरीन घालते, टँक दोन फुटी, फिल्टर चालू असतो.

उत्तर

ताई, दुर्दैवाने खरं आहे. हा आपला भारतीय ग्लास फिश, पॅराम्बॅसिस रंगा. भारत, बांगलादेश, म्यानमार इकडच्या संथ पाण्यात, तळ्यात, भातशेतीच्या चरात सापडतो, १८२२ साली हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात याची नोंद केली आहे. निसर्गात याच्या अंगावर असा गुलाबी-हिरवा पट्टा नसतो. नर थोडा पिवळसर असतो आणि त्याच्या फिनला निळसर कड येते, बस.

अंगात रंगद्रव्य फार कमी असल्यामुळे उजेड मांसातून सरळ पार होतो आणि शिकाऱ्याला मासा चटकन दिसत नाही. आतडी-लिव्हर पारदर्शक करता येत नाहीत म्हणून ती त्या चंदेरी पिशवीत, पिशवी आरशासारखा उजेड परतवते म्हणजे तीही उठून दिसत नाही. डोळा मात्र लपत नाही, कारण बघायचं तर डोळ्याला उजेड शोषून घ्यावाच लागतो. आता अशा आरपार अंगात थेंबभर रंग टाकला तरी तो बाहेरून झळकतो, खवले-रंगवाल्या माशात दिसलाच नसता, म्हणून सुई याच्या वाट्याला जास्त येते. माशाच्या आकाराच्या मानाने ती सुई केवढी असेल विचार करा, एकदा नाही तर बऱ्याच ठिकाणी टोचतात. ब्रिटनमध्ये प्रॅक्टिकल फिशकीपिंग मासिकाने १९९६ मध्ये याविरुद्ध मोहीम काढली आणि तिथल्या बऱ्याच दुकानांनी हे मासे ठेवणं बंद केलं. आपल्याकडे अजून सर्रास मिळतात याचं फार वाईट वाटतं.

ग्लोफिश नावाचे चमकणारे मासे मिळतात, त्यांच्याशी गल्लत करू नका, त्यांचा रंग जनुकातून येतो, पिल्लांतही उतरतो आणि फिका पडत नाही. तुमचा फिका पडतोय म्हणजे टोचलेलाच. तो काढायचा काही उपाय नाही, आपोआप जाईल, जाऊ दे.

गाठी कशा आहेत ते सांगा. खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या, एकाच जागी झुपका करून आहेत, की सगळ्या अंगभर सुटे सुटे बारीक ठिपके?

धागाकर्ती

झुपका करूनच आहेत दादा, खडबडीत, आणि दोघांनाच आहेत. मासे पोहतायत व्यवस्थित, अंग घासत नाहीत कुठे.

उत्तर

मग लिम्फोसिस्टिस असण्याची शक्यता जास्त. तो व्हायरस आहे, जखमेतून शिरतो, त्यामुळे टोचलेल्या माशांत जास्त बघायला मिळतो. त्याला औषध नाही, दुकानदार एखादी निळी-हिरवी बाटली हातात देईल ती घालू नका, उगाच माशाला त्रास. गाठी खुडायच्या पण नाहीत. त्या दोघांना वेगळ्या टँकमध्ये ठेवा, जाळी वेगळी वापरा, आठवड्याला पाव पाणी बदला, अमोनियाची टेस्ट करत राहा. पाणी चांगलं असेल तर बहुतेक वेळा गाठी आपोआप गळून पडतात, पण वेळ लागतो. अंगभर बारीक ठिपके आले तर मात्र तो पांढरे ठिपके रोग, त्याचा इलाज वेगळा, लगेच इथे लिहा.

दुसरं उत्तर

खाण्याबद्दल सांगते. हे शिकारी मासे आहेत, हलणारं खाणं लागतं. आर्टेमियाची पिल्लं, डॅफ्निया (दोन्ही पाण्यातले बारीक जीव), फ्रोझन ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या. डासाच्या अळ्या तर तुटून पडून खातात. मीठ घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, हे खाऱ्या पाण्याचे आहेत असा जुना समज आहे पण गोड्या पाण्यात छान राहतात. पाच-सहा जण एकत्र असले की धीट होतात, एकटा दुकटा कोपऱ्यात दबून बसतो. मागे वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती दाट लावा, उजेड कमी ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचेही. अजून एक, घरातले म्हणतायत आपलाच मासा आहे तर नदीत सोडून दे, सुटेल बिचारा. माझंही मन तेच म्हणतंय, पण भीती वाटते. सोडू का?

उत्तर

अजिबात नको ताई. तो व्हायरस घेऊन जाईल आणि तिथल्या माशांना देईल, शिवाय हा झगझगीत पट्टा घेऊन तो बगळ्याला लांबून दिसणार. आपल्या नद्यांमध्ये चांदा नामा म्हणून याचाच भाऊबंद आहे, तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो, आधीच जखमी मासा त्याच्यात टिकणार नाही. घरीच सांभाळा, नीट ठेवले तर काही वर्षं जगतात. आणि त्या दुकानात बदली म्हणून नवे रंगीत घेऊ नका, साधे पारदर्शक मागा. मागणी असली की आणून देतात.

धागाकर्ती

ठीक, नाही सोडत. वेगळा टँक आजच लावते. डॅफ्निया घरी वाढवता येतो का? कुणाकडे स्टार्टर कल्चर, म्हणजे वाढवायला सुरुवातीचे थोडे जिवंत डॅफ्निया, असेल तर प्लीज मेसेज करा, पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.