कॅटेगरी मॅनेजमेंट चालू केलंय पण प्लांटवाले जुन्याच व्हेंडरकडून माल घेतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
परचेसमध्ये बारा वर्षं झाली, त्यातली बहुतेक इंडेंट (मागणीपत्र) आला की तीन कोटेशन मागवा, रेट पाडा, पीओ (खरेदीची ऑर्डर) सोडा यातच गेली. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं की आता कॅटेगरी मॅनेजमेंट करायचं, म्हणजे सुट्या ऑर्डरी काढण्याऐवजी एका प्रकारच्या सगळ्या मालाची खरेदी एकत्र आखायची, आणि माझ्या गळ्यात एमआरओ (देखभाल-दुरुस्तीचा माल) पडलं, म्हणजे बेअरिंग, सील, तेल-ग्रीस, हँड टूल्स असलं सगळं किडुकमिडुक. पद नवीन मिळालं, जुनं काम मात्र सुटलं नाही, पीओ रोज तेवढेच काढतोय.

एक कन्सल्टंट येऊन क्राल्जिकचा चौकोन काढून देऊन गेला (१९८३ चा तोच, एका बाजूला पुरवठ्याची जोखीम, दुसरीकडे नफ्यावरचा परिणाम, मधे मालाचे गट पाडायला चार खण). त्यावरून मी साठ पानी प्लॅन केला, तिन्ही प्लांटची मागणी एकत्र केली, चाळीस व्हेंडरचे सहा केले, रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरलेल्या रेटचा करार) केलं, रेट खरंच चांगला मिळाला. सहा महिन्यांनी डेटा काढला तर निम्म्याहून जास्त खरेदी अजून कॉन्ट्रॅक्टच्या बाहेर! मेंटेनन्सवाले म्हणतात रात्री दोनला मशीन बसली की तुमचा कॉन्ट्रॅक्टवाला फोन उचलत नाही, जुना माणूस माल घेऊन गेटवर हजर असतो. फायनान्स म्हणतं सेव्हिंग कुठे दिसत नाही. आणि साहेब म्हणतात पुढची कॅटेगरी घ्या.

ज्यांच्याकडे हे खरंच चाललंय त्यांनी सांगा, नक्की कशामुळे चाललं? सॉफ्टवेअर घ्या हे उत्तर नको, ईआरपी आहे आमच्याकडे.

स्टोअर_ते_परचेस:
आधी आयटम मास्टर उघडा, म्हणजे सिस्टीममधली मालाची कोडवार यादी. आमच्याकडे ६२०५ बेअरिंग, साधं २५ एमएम बोअर (आतलं भोक), ५२ ओडी (बाहेरचा व्यास), १५ रुंदीचं, ते पाच कोडवर निघालं. कुणी 'बेअरिंग बॉल ६२०५' टाकलेलं, कुणी 'बॉल बेअरिंग २५ एमएम', कुणी नुसता मशीनचा पार्ट नंबर. पाच कोड, पाच रेट, आणि एकाचा साठा पडून असताना दुसऱ्याचा अर्जंट इंडेंट. शिवाय टू-आरएस आणि झेडझेड एकाच कोडखाली, पहिल्याला रबरी सील दुसऱ्याला पत्र्याची शील्ड, मग धुळीच्या जागी चुकीचं गेलं की मेंटेनन्स ओरडणारच. अशा डेटावर मागणी एकत्र केली म्हणजे नक्की काय एकत्र केलं? साफसफाई कंटाळवाणी आहे, तीन महिने गेले आमचे, पण त्याआधीचा सगळा प्लॅन वाळूवर.

पान्हावाला:
मी टेबलाच्या पलीकडचा, मेंटेनन्समध्ये आहे, म्हणून जरा तिखट लिहितो. प्लॅन करताना आम्हाला विचारलं होतं का? तुम्ही बेअरिंगच्या रेटमध्ये थोडे पैसे वाचवता आणि लाईन चार तास बंद राहिली तर ते कुणाच्या खात्यात? आमच्या परचेसवाल्या बाईंनी कोटेशन मागवायच्या आधी आमच्यासोबत वर्षभराचे ब्रेकडाऊन काढले, कुठला पार्ट किती तासांत लागतो ते लिहून घेतलं आणि तेच टेंडरमध्ये टाकलं, रात्रीच्या कॉलसकट. काही पार्ट व्हेंडरने आमच्याच स्टोअरमध्ये ठेवायचे, वापरले की बिल. तेलाचंही तसंच, हायड्रॉलिकचे सात ग्रेड होते, आम्ही बसून ठरवलं की मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे व्हीजी (तेलाच्या दाटपणाचा नंबर) ४६ आणि ६८ या दोनांत भागतं. रेटवर घासाघीस केली त्यापेक्षा जास्त पैसा तिथे वाचला, कारण ड्रम अर्धवट पडून राहणं बंद झालं. असले निर्णय परचेस एकटं घेऊच शकत नाही.

धागाकर्ता:
पान्हावाला, लागलं पण बरोबर आहे. मेंटेनन्सला मीटिंगला बोलावलं होतं, पण प्रेझेंटेशन दाखवायला, विचारायला नाही.

हिशेबनीस:
फायनान्सच्या बाजूने दोन गोष्टी. बेसलाइन आमच्याकडून आधी सही करून घ्या, म्हणजे मागचा रेट कुठला, किती महिन्यांची सरासरी, प्रमाण किती. मागाहून आणलेल्या सेव्हिंगच्या शीटवर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरं, व्हेंडरने दहा टक्के वाढ मागितली आणि तुम्ही चारवर आणलीत तर ते सेव्हिंग नाही, टळलेला खर्च आहे, चांगलंच काम आहे पण वेगळ्या रकान्यात. आणि खरं वाचलेलं डिपार्टमेंटच्या बजेटमधून कापणार की त्यांच्याकडेच ठेवणार हे आधी ठरवा. आमच्याकडे सगळं कापलं तेव्हा पुढच्या वर्षी एकही डिपार्टमेंट मदतीला आलं नाही, गंमत म्हणजे सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

खणखणीत:
वरच्यांना +१, पण माझा आक्षेप चौकोनावर आहे. अख्खं एमआरओ एका खणात टाकलं असेल तर तिथेच घोळ. स्क्रू ड्रायव्हर आणि एकाच उत्पादकाकडे मिळणारं मशीनचं खास सील, दोन्ही स्वस्त, पण सील अडलं की सगळं अडलं. एकाला कॅटलॉग लावून विसरून जा, दुसऱ्याचा साठा ठेवा आणि पर्याय शोधा, तिथे रेट पाडायला जाऊच नका. आणि रोजचे पीओ तुम्हीच काढत राहिलात तर हे कधी करणार? साहेबांना हेच आधी सांगा, पुढच्या कॅटेगरीचं नंतर.

धागाकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. बेअरिंग आणि तेल एवढंच घेतो, एकाच प्लांटमध्ये, पान्हावाल्यांसारखा माणूस शोधून. एकच अडचण, सहा व्हेंडरना जेवढ्या मालाचा शब्द दिला त्याच्या निम्माही जात नाहीये, त्यांना काय सांगू? रेट त्या प्रमाणावरच मिळाला होता.

स्टोअर_ते_परचेस:
लपवू नका, त्यांना बिलांवरून कळलेलंच असणार. खरा आकडा समोर ठेवा आणि विचारा की रात्रीचा माणूस आणि स्टोअरमधला साठा द्यायला कोण तयार आहे. सहातले दोन-तीन उरतील. आणि तो गेटवर उभा राहणारा जुना माणूस, त्यालाही कोटेशनला बोलवा की!