मदत हवी आहे: नदी पार करणारी होडी, आणि वेळ काढताना प्रवाह कुठे गायब होतो?

नमस्कार मंडळी. सापेक्ष वेगाचं प्रकरण करतोय. समोरासमोर येणाऱ्या आगगाड्या जमतात, पावसात छत्री किती तिरकी धरायची तेही जमतं. होडी पाण्यात उतरली की मात्र घोळ सुरू. गणित असं:

नदीची रुंदी २०० मीटर, प्रवाहाचा वेग ३ मी/से, होडीचा संथ पाण्यातला वेग ५ मी/से.
(अ) कमीत कमी किती वेळात पलीकडे जाता येईल?
(आ) बरोबर समोरच्याच बिंदूवर लागायचं असेल तर होडीचं तोंड कुठे ठेवायचं आणि वेळ किती लागेल?

(अ)चं उत्तर ४० सेकंद दिलंय, म्हणजे सरळ २०० भागिले ५. पण प्रवाह होडीला ढकलतोच ना? मग तिचा खरा वेग ५ आणि ३ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे वर्गमूळ ३४, साधारण ५.८३ मी/से. त्याने भागलं तर ३४.३ सेकंद येतात. हे चूक का? आणि (आ)मध्ये एकदम ४ मी/से कुठून उगवतो? कधी वर्गांची बेरीज, कधी वजाबाकी, हे ठरवायचं कसं? सूत्रं पाठ आहेत, त्यामागचं कारण हवंय.

प्रतिसाद १

कर्णावरचा वेग घेताय तर अंतरही कर्णावरचंच घ्या की! ४० सेकंदांत होडी खाली वाहते ३ × ४० = १२० मीटर. २०० आणि १२० चा कर्ण २३३.२ मीटर. भागा ५.८३ ने. आले ४० सेकंद. तुम्ही तिरक्या वाटेवरचा वेग घेऊन आडवी रुंदी कापताय, गोची तिथे आहे.

प्रतिसाद २

वरचं बरोबरच आहे, पण "का"चं उत्तर थोडं वेगळ्या बाजूने देतो.

सतरंजीवर मुंगी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे चालली आहे आणि कुणीतरी सतरंजी लांबीच्या दिशेने ओढतंय, असं समजा. ओढणारा कितीही जोरात ओढू दे, मुंगीला पलीकडची कड गाठायला लागणारा वेळ तेवढाच. ओढल्यामुळे ती कड ना जवळ येते ना लांब जाते. प्रवाहाचंही तसंच. तो काठाला समांतर आहे, रुंदीच्या दिशेने त्याचा घटक, म्हणजे त्या दिशेला पडणारा वाटा, शून्य. म्हणून पार होण्याचा वेळ = रुंदी भागिले होडीच्या वेगाचा रुंदीच्या दिशेचा घटक. तोंड नाकासमोर ठेवलं तर तो घटक पूर्ण ५. डावीकडे वळा की उजवीकडे, तो कमीच होणार. म्हणून ४० सेकंद हा सर्वांत कमी वेळ.

जाता जाता: खऱ्या नदीत मध्यभागी ओढ जास्त आणि काठाशी कमी असते. तरीही नाकासमोर हाकलेल्या होडीला ४० सेकंदच लागतील, बदलेल फक्त वाहून जाण्याचं अंतर. वेग काठाशी ० पासून मध्यावर ३ पर्यंत एकसारखा वाढत गेला आणि तसाच उतरला, तर सरासरी १.५ म्हणून १२० ऐवजी ६० मीटर.

आता बेरीज-वजाबाकी. खरं तर वजाबाकी कधीच नसते. एकच ओळ लिहायची:

काठावरून दिसणारा होडीचा वेग = पाण्याच्या सापेक्ष होडीचा वेग + पाण्याचा वेग

ही सदिशांची, म्हणजे दिशा असलेल्या बाणांची बेरीज. दोन्ही भागांत हीच ओळ आहे, फरक फक्त काय दिलंय याचा. (अ)मध्ये ५ आणि ३ एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून कर्ण शोधायचा. (आ)मध्ये काटकोन बेरजेचं उत्तर आणि प्रवाह यांच्यात हवाय, कारण होडीची वाट नदीला लंब असायला हवी. तिथे ५ हाच कर्ण होतो. ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग, १६, म्हणून ४. आधी बाण काढा आणि काटकोन कुठे आहे ते बघा, मग पायथागोरसला बोलवा. बहुतेक जण त्याला आधी बोलावतात.

धागाकर्ता

मुंगीने काम केलं, धन्यवाद! (आ) आता सुटलं: साइन = ३/५, म्हणजे साधारण ३७ अंश, वेळ २०० भागिले ४ = ५० सेकंद. पण उत्तरात कोन १२७ अंश दिलाय. छपाईची चूक का? आणि प्रवाहच होडीपेक्षा जोरात असेल तर?

प्रतिसाद २

चूक नाही. तुम्ही समोरच्या दिशेपासून वरच्या अंगाला ३७ अंश मोजले, त्यांनी प्रवाहाच्या दिशेपासून मोजलं: ९० + ३७. होडीचं तोंड एकच. नुसतं "३७ अंश" लिहू नका, कशापासून आणि कुठल्या बाजूला तेही लिहा.

दुसरा प्रश्न मस्त आहे. होडी ३, प्रवाह ५ धरा. साइन = ५/३ असा कोनच नसतो, म्हणजे समोर लागणं अशक्य. मग प्रश्न बदलतो: कमीत कमी किती वाहून जाऊ? ५ लांबीचा प्रवाहाचा बाण काढा, त्याच्या टोकाशी ३ त्रिज्येचं वर्तुळ. होडीचा बाण त्या वर्तुळावर कुठेही टेकू शकतो. प्रवाहाच्या बाणाच्या सुरुवातीपासून वर्तुळाला स्पर्शिका काढली की तीच सर्वांत कमी वाहून जाणारी वाट. स्पर्शिका त्रिज्येला लंब, म्हणून इथे काटकोन होडीचा बाण आणि वाट यांच्यात येतो. समोरच्या दिशेपासून कोन: साइन = ३/५, पुन्हा ३७ अंश वरच्या अंगाला. रुंदीचा घटक ३ × ०.८ = २.४, वेळ ८३.३ सेकंद. खाली वाहण्याचा वेग ५ − १.८ = ३.२, अंतर सुमारे २६७ मीटर. नाकासमोर गेलात तर ६६.७ सेकंदांत पोचाल, पण ३३३ मीटर खाली. वेळ वाचवायचा की अंतर, ते गणितात नीट वाचा.

प्रतिसाद ३

पाण्यात बसून विचार करणं जमलंय का, ते बघायला हे घ्या. होडी प्रवाहाविरुद्ध चालली आहे. एका पुलाखाली टोपी पाण्यात पडते. १० मिनिटांनी लक्षात येतं, होडी लगेच वळते आणि पुलाच्या १ किमी खाली टोपी सापडते. होडीचा संथ पाण्यातला वेग सगळीकडे सारखाच. प्रवाहाचा वेग किती?

धागाकर्ता

होडीचा वेग द्यायचा राहिला का?... नाही, लागतच नाही! पाण्याच्या नजरेने टोपी जागच्या जागी आहे. होडी १० मिनिटं लांब गेली, म्हणजे परत यायलाही १० मिनिटं. तेवढ्या २० मिनिटांत पाणी टोपीला १ किमी घेऊन गेलं. ताशी ३ किमी.

प्रतिसाद ३

अगदी बरोबर. आता हेच काठावर उभं राहून सोडवा. होडीच्या वेगाला एखादं अक्षर द्या आणि ते कुठल्या पायरीला उडून जातं ते इथे लिहा.