अनुभव धागा: खाजेची गोळी, झोपेसाठी

संयोजक
सर्दीसाठी, पित्त उठलं म्हणून आणलेल्या ॲलर्जीच्या (अँटिहिस्टामिन) पट्टीतल्या दोन-तीन गोळ्या उरतात. मग घरात कुणाला झोप लागत नसली किंवा जिवाची घालमेल होत असली की 'ही घे, गुंगी येते' म्हणून त्याच पुढे केल्या जातात. काही डॉक्टर त्या मुद्दाम लिहूनही देतात. दुकानात, वॉर्डात, ओपीडीत या गोळ्या रोज हाताळणाऱ्यांना इथे लिहायचं निमंत्रण आहे. आपबिती नको. कोणती गोळी, किती, कधी आणि काय बिघडतं, एवढंच लिहा.

गल्ल्यामागून
औषधाच्या दुकानात दिसणारा सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं. घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतात ती अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. झोपेसाठी मागतात ती फेनर्गनही प्रोमेथाझिनच. एव्हिल २५ मध्ये फेनिरामिन असतं आणि सर्दीच्या बहुतेक तिहेरी गोळ्यांत त्याचंच भावंड, क्लोरफेनिरामिन. बेनाड्रिल कफ सिरपच्या ५ मि.ली.त १४ मि.ग्रॅ.च्या आसपास डायफेनहायड्रामिन असतं. आता सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध आणि वर झोपेसाठी एव्हिल घेतलेला माणूस सकाळी अडखळला, तर नवल नाही.

म्हणून पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा. सुट्या गोळ्या घेताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असं कापून मागा. नुसता चंदेरी तुकडा घरी गेला की महिन्याभराने ती गोळी कशाची हे कुणीच सांगू शकत नाही.

मनोविकार ओपीडी
या गटात घालमेलीवर खरोखर अभ्यासलेलं औषध एकच, हायड्रॉक्सिझिन, म्हणजे आपल्याकडची अटारॅक्स (१० आणि २५ मि.ग्रॅ.). १९५० च्या दशकापासून ते वापरात आहे. सततच्या चिंतेच्या विकारात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरतं, हे २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्या एकत्र तपासतात) आलं. पण पहिली निवड म्हणून सुचवण्याइतका पुरावा नाही, हेही त्याच आढाव्यात आहे. बाकीच्या गोळ्यांनी फक्त पेंग येते. पेंगणाऱ्या माणसाची चिंता कमी झाल्यासारखी दिसते, इतकंच.

कारण असं: मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. आपल्याला जागं ठेवणं हे त्यांचं एक मुख्य काम. जुन्या पिढीच्या गोळ्या मेंदूत शिरून तिथला एच-वन ग्राहक, म्हणजे हिस्टामिन ज्याला चिकटून काम करतं ती जागा, अडवतात. नव्या पिढीची फेक्सोफेनाडिन जवळजवळ शिरतच नाही. सेट्रिझिन थोडी शिरते.

हायड्रॉक्सिझिनचा गुण अर्ध्या तासात जाणवू लागतो, म्हणून अधूनमधून येणाऱ्या घालमेलीला ते सोयीचं. अडचण उतरण्याची आहे. अर्धं औषध अंगातून जायला मोठ्या माणसात सुमारे २० तास लागतात, वृद्धांत २९. रात्री ११ ला घेतलेल्या गोळीचा ढोबळ हिशेब केला तर सकाळी ७ ला तीन चतुर्थांश औषध अजून अंगात असतं. रोज घेत राहिलं तर चार-पाच रात्रींत साठा पहिल्या रात्रीच्या पावणेदोनपट होतो. 'पहिल्या दिवशी छान वाटलं, आठवड्याने दिवसभर डोकं जड' ही तक्रार इथून येते. घ्यायचीच तर रात्री ८-९ ला घ्या आणि सकाळी दुचाकीला किल्ली लावायच्या आधी स्वतःकडे नीट बघा.

युरोपच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये मर्यादा घातली: मोठ्यांना दिवसाला जास्तीत जास्त १०० मि.ग्रॅ. वृद्धांना शक्यतो देऊच नये, दिलंच तर ५० च्या आत. कारण हृदयाचं: ईसीजीतला क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय सावरेपर्यंतचा काळ, लांबतो आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. नैराश्यावरची एस्सिटालोप्राम, अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटीसाठी ओंडान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन चालू असेल, जुलाबांनी पोटॅशियम उतरलं असेल किंवा घरात कुणी अचानक दगावलं असेल, तर अटारॅक्सआधी डॉक्टरांना हे सगळं सांगायचं. मूत्रपिंड मंद असेल तर मात्रा कमी करावी लागते. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत हे औषध वर्ज्य.

संयोजक
मग सेट्रिझिनच्या दोन गोळ्या घेऊन झोपणारे लोक?

गल्ल्यामागून
हायड्रॉक्सिझिन शरीरात मोडलं की त्याचंच सेट्रिझिन होतं. मेंदूत शिरणारा भाग गाळून उरलेली ही गोळी. झोपेसाठी तिची मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. आणि दोन्ही एकत्र घेणं म्हणजे शेवटी तेच औषध दुप्पट.

रात्रपाळी
म्हाताऱ्या माणसांबद्दल. या गोळ्या हिस्टामिनसोबत नसांतून निरोप नेणारं दुसरं रसायन, अ‍ॅसिटिलकोलिनही अडवतात. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, नजर धूसर. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना एका एव्हिलने लघवी अडून रात्री दोनला कॅथेटर घालावा लागतो. अरुंद कोनाच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब चढतो. आणि सगळ्यात फसवं म्हणजे भ्रम. संध्याकाळी अंथरुणावरचे धागे वेचणं, नसलेली माणसं दिसणं, 'मला घरी न्या' म्हणत उठून बसणं. नातेवाईक म्हणतात, झोप झाली नाही म्हणून असं करतात, आणखी एक गोळी द्या. तिथेच चुकतं. आधी गेल्या दोन दिवसांत काय काय दिलं ते कागदावर उतरवा: सर्दीचं, खाजेचं, चक्करचं, लघवी आवरण्याचं.

चक्करवरून एक: स्टुजेरॉन म्हणजे सिनारिझिन, तेही याच कुळातलं. महिनोन्‌महिने चालू राहिलं तर हात थरथरणं, चाल आखडणं असं कंपवातासारखं चित्र उभं राहतं. बंद केल्यावर सहसा ओसरतं, पण त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

जर्सीकर
अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना जेटलॅगसाठी टायलेनॉल पीएम दिली जाते. दोन गोळ्यांत १००० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल आणि ५० मि.ग्रॅ. डायफेनहायड्रामिन. सोबत पुण्याहून आणलेली डोलो ६५० दिवसातून तीनदा चालू असेल तर पॅरासिटामॉल २९५० वर जातं, दुखणं नसतानाही. बाबांची प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर वर रात्रपाळी यांनी लिहिलेलं सगळं लागू. झ्झक्विल म्हणजे तेच डायफेनहायड्रामिन. युनिसॉमच्या नावाखाली दोन वेगळी औषधं मिळतात: स्लीपटॅब्समध्ये डॉक्सिलामिन २५, स्लीपजेल्समध्ये डायफेनहायड्रामिन ५०. खोक्याचा रंग बघून उचलू नका.

जेटलॅगला त्यापेक्षा मेलाटोनिन बरं: ०.५ ते ५ मि.ग्रॅ., इथल्या झोपायच्या वेळेला, सुरुवातीच्या काही रात्री. सकाळी उन्हात चालणं त्याहून महत्त्वाचं, पण ते कुणी करत नाही.

मनोविकार ओपीडी
एक धोकादायक अदलाबदल. चिंतेवरची अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या सरकारी यादीत आहे. दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते, ती तीन वर्षं जपावी लागते. त्यामुळे चिठ्ठी नसेल तर 'तोवर अटारॅक्स घ्या' असा सल्ला मिळतो. कित्येक महिने रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याने असं करू नये. ती गोळी मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या मार्गाने काम करते, अटारॅक्स त्या मार्गाला हातही लावत नाही. एकदोन दिवसांत घाम, थरथर, झोप पार उडणं आणि प्रसंगी फिटचा झटका. प्रोमेथाझिनने तर झटक्याचा उंबरठा आणखी खाली येतो. अल्प्राझोलाम सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत. चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधी नवी घ्या.

दारूबरोबर यातली कोणतीही गोळी नको. मुद्दाम किंवा चुकून जास्त गेली तर खुणा अशा: अंग तापलेलं पण घाम नाही, बाहुल्या मोठ्या, नाडी धावती, बडबड. उलटी करवत बसू नका, रिकामी पट्टी बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठा. मन फारच घाबरं झालं आणि बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो.

निद्रा-तंत्रज्ञ
या गोळ्या झोपेसाठी टिकत का नाहीत? सवय होते, आणि फार लवकर. डायफेनहायड्रामिन ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा देऊन तपासलं तेव्हा चौथ्या दिवशी येणारी पेंग आणि खोट्या गोळीची पेंग यांत फरक उरला नव्हता. तोंडाचा कोरडेपणा आणि बद्धकोष्ठ मात्र तितक्या लवकर जात नाहीत. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननेही २०१७ मध्ये निद्रानाशासाठी हे औषध वापरू नये असंच सुचवलं. हाच एच-वन ग्राहक अडवणारं डॉक्सेपिन ३ ते ६ मि.ग्रॅ. इतक्या अल्प मात्रेत मध्यरात्री जाग येत असेल तर चालतं. ते चिठ्ठीवरचं औषध आहे आणि जेवणानंतर तीन तासांच्या आत घ्यायचं नसतं.

गोळी घेतल्यावर झोप उलट बिघडली, पाय सारखे हलवावेसे वाटू लागले, अंथरुणातून उठून चाललं की बरं वाटतं, असं असेल तर रेस्टलेस लेग्ज बघा. अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी तो त्रास वाढतो. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायचं. ७५ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोह देतात, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. बायकांमध्ये हे फार सापडतं आणि फार सुटतं. मोठ्याने घोरणाऱ्याला झोपेची कोणतीही गोळी देण्याआधी श्वास अडतो का ते बघावं.

बालरोग वॉर्ड
मुलाला प्रवासात झोपवायला फेनर्गन सिरप देऊ नका. दोन वर्षांखाली श्वास मंदावू शकतो, अमेरिकेत २००४ पासून औषधाच्या माहितीपत्रकात तसा चौकटीतला इशारा आहे. काही मुलं झोपायच्या ऐवजी उधळतात, रडतात, भिंतीवर चढायची बाकी राहतात. मात्रा वाढवणं हा त्यावर उपाय नव्हे. खाजेसाठी अटारॅक्स दिली असेल तर बाटली बघा: थेंबांत मि.ली.ला ६ मि.ग्रॅ. असतं, सिरपमध्ये २. थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या मापाने दिलं की मात्रा तिप्पट.

गल्ल्यामागून
प्रोप्रॅनोलोलही याच यादीत मागतात, मुलाखत किंवा रंगमंचाच्या भीतीसाठी. ती अ‍ॅलर्जीची गोळी नाही, झोपही आणत नाही. धडधड आणि हातांची थरथर थांबवते. दमा असेल तर अजिबात नको, आणि इन्सुलिन घेणाऱ्यात साखर उतरल्याची धडधड ती झाकून टाकते.

त्वचारोग
दोन गोष्टी राहिल्या. त्वचेवर टोचून अ‍ॅलर्जीची तपासणी करायची असेल तर यातली कोणतीही गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवावी लागते, झोपेसाठी घेतलेलीसुद्धा. ती लोक सांगत नाहीत आणि तपासणी सगळी कोरी येते. दुसरी: सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर काहींना काही दिवसांत अंगभर कडकडून खाज सुटते, अमेरिकी नियामकाने २०२५ मध्ये तसा इशाराही दिला. ती मूळची अ‍ॅलर्जी परतली असं समजून गोळी कायमची चालू ठेवू नका. डॉक्टरांना विचारून ती पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करत नेली की बऱ्याच जणांची सुटते.