दोघेही सिकलसेल वाहक, घरच्यांना कसं सांगायचं?

प्रश्न (धडगाव भाग): नवरा-बायको दोघांचा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट 'एएस', म्हणजे दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. सून ८ आठवड्यांची गरोदर. सासू म्हणते, खोट सुनेच्या माहेरची. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: सासूपासून तर नक्कीच नको! आधी दोघांनाच एकत्र बसवा, रिपोर्ट बाकी कुणाला सांगायचा ते त्यांना ठरवू द्या. पावरी बोलणारा दुभाषी हवा, पण घरातला नको. घरचा माणूस नको ते गाळतो. मूल आजारी असण्याची शक्यता 'चारात एक' म्हटलं की लोक धरतात, एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. त्याऐवजी दोघांपैकी प्रत्येकाच्या मुठीत ज्वारीचा एक आणि उडदाचा एक दाणा द्या; उडीद म्हणजे सिकलसेलचा जनुक. प्रत्येकाच्या मुठीतून न बघता एकेक काढायचा, ते दोन दाणे म्हणजे बाळ. दोन्ही उडीद आले तर आजार; एकच आला तर वाहक, म्हणजे रुग्ण नव्हे. दाणे परत मुठीत, पुन्हा काढा: प्रत्येक गरोदरपणी डाव नवा. नवऱ्याच्या मुठीतही उडीद आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी, समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

उत्तर २: वेळ कमी आहे. बाळाला आजार आहे का, ही गर्भाची तपासणी वारेच्या (नाळेच्या) नमुन्यावरून साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलावरून १५ नंतर. तपासणीसाठी पाठवायचं पत्र आजच द्या. करायची की नाही, हा निर्णय जोडप्याचा. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचे उपचारही सांगा, नाहीतर गर्भपात हाच एक मार्ग वाटतो.

उत्तर ३: दीर-नणंदांचीही तपासणी सुचवा. नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीवर थांबू नका, त्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत.